झाकणावरचं दुसरं माणूस

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की दुसऱ्या आठवड्यात त्याला कापसाच्या काडीचं एक पाकीट देतात आणि सांगतात, घरातली रोज हात लागणारी एखादी वस्तू यानं पुसून आण. कुणी फ्रीजचं हँडल पुसून आणतो, कुणी टीव्हीचा रिमोट. मग त्या काडीवरून डीएनए काढायचा आणि त्यात किती माणसं मिसळली आहेत ते ओळखून दाखवायचं. घरच्यांच्या गालाच्या आतले नमुने त्यांची परवानगी घेऊन आधीच जमा केलेले असतात, त्यामुळे उत्तर बरोबर आलं की नाही ते लगेच कळतं.

चंद्रकला धकाते मॅडम हा गृहपाठ दर वर्षी नव्या बॅचबरोबर करायच्या. वय चोपन्न, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या तज्ज्ञ. त्यांना शिकायचं काही नव्हतं. पण मिश्रण म्हणजे काय हे समजावायचं तर आधी मिश्रण नसलेलं काहीतरी दाखवावं लागतं, आणि मॅडमच्या घरून आलेल्या काडीवर नेहमी एकाच माणसाचा डीएनए असायचा. त्या पडद्याकडे बोट करून म्हणायच्या, "हा बघा स्वच्छ आलेख." नवे लोक तो वहीत उतरवून घ्यायचे. त्यात दुसरं काही बघण्यासारखं आहे, असं लॅबमध्ये कुणाच्या मनात आलं नाही.

हे काम थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या डीएनएत काही ठरावीक जागा अशा असतात जिथे चार अक्षरांचा एकच तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्यात अकरा वेळा, कुणाच्यात चौदा वेळा. या जागांना मार्कर म्हणतात. एका मार्करवर प्रत्येकाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. यंत्रातून निघणाऱ्या आलेखात ते टोकांसारखे दिसतात. एका माणसाचा नमुना असेल तर एका जागी फार तर दोन टोकं. तीन किंवा चार दिसली की समजायचं, दुसरं कोणीतरी आहे. मग कोणतं टोक कुणाचं हे शोधत बसायचं. दोघांचा एखादा आकडा सारखा असला तर एकाचा दुसऱ्यात लपतो. ज्याचा डीएनए कमी, त्याचे काही आकडे उगवतच नाहीत. शिवाय नक्कल करताना रसायनाकडून कधी कधी एक तुकडा गळतो आणि उंच टोकाच्या अलीकडच्या घरात एक छोटं, खोटं टोक उभं राहतं. आम्ही त्याला सावली म्हणतो. सावली कोणती आणि खरंच कोणीतरी उभं आहे ते कोणतं, हे ओळखण्यात मॅडमचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवे लोक तर सोडाच, आमचे संचालक डॉ. कृष्णकांत सुभेदारसुद्धा अडलं की प्रिंट घेऊन त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

मॅडम मूळच्या उमरेडच्या, कोष्ट्यांच्या घरातल्या. वडील हातमागावर लुगडी विणायचे. तो धंदा बसल्यावर ते शाळेत शिपाई झाले आणि भाऊ सुरतला गेला. मॅडम नागपुरात एमएस्सी झाल्या, धंतोलीतल्या एका रक्तपेढीत काही वर्षं काढली आणि 'परिमाण' सुरू झाली तेव्हा इथे आल्या. 'परिमाण' ही एका ट्रस्टची न्यायवैद्यक प्रयोगशाळा, वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे. पोलिसांकडची कामं तुंबली की त्यातली काही आमच्याकडे येतात. मॅडम हनुमाननगरात दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. आधी आईबरोबर, मग एकट्या. लग्न का केलं नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. एकदा बसची वाट बघताना त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, "आई होती तोवर गल्लीतल्या बाया यायच्या. आई गेल्यावर येईनाशा झाल्या. भांडण कुणाशीच झालं नाही."

त्या दिवसभर जेवढं बोलायच्या, त्यातलं बहुतेक पंचफुलाबाईंशी. पंचफुला सोनकुसरे अकरा वर्षांपासून लॅबमध्ये मदतनीस. काड्यांची पाकिटं त्या भरायच्या. कागदाचा लिफाफा कापायचा, त्यात कापसाची काडी ठेवायची, घडी घालून चिकटवायचं, शंभर झाली की ट्रे वाफेच्या यंत्रात. त्यांचं टेबल मॅडमच्या टेबलाला लागून होतं आणि त्यांचं तोंड बंद नसायचं.

"मॅडम, काल काय झालं माहीत हाये का? आमच्या सुनेनं कुकरात डाळ टाकली अन् पाणीच नाही टाकलं. मोबाइल पाहून राहिली होती. सारा वाडा धुरानं भरला. मी म्हटलं, बाई, आता ह्या कुकरचाही फोटो टाक."

मॅडम आलेखावरची नजर न काढता विचारायच्या, "मग टाकला का?"

"टाकला ना. अठ्ठावन्न लोकांनं पसंत केला म्हणते."

मॅडम हसायच्या. त्यांचं हसणं आम्हाला फक्त त्या टेबलाकडून ऐकू यायचं.

आमच्या बॅचला गृहपाठ मिळाला तो गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये. प्रशिक्षणासाठी मुदत संपलेली पाकिटं वापरायची पद्धत आहे. अडीच वर्षांपूर्वी भरलेल्या एका लॉटची सहा पाकिटं कपाटात शिल्लक होती. ती आम्हा पाच जणांत आणि मॅडममध्ये वाटली गेली. मॅडमनी त्यांच्या चहाच्या डब्याचं झाकण पुसून आणलं. स्टीलचा डबा, स्वयंपाकघरात आतल्या फळीवर ठेवलेला.

आठवड्यानं आलेख आले. अंकुरच्या रिमोटवर पाच जण तरी होते. गोळीबार चौकातलं त्याचं घर आठ माणसांचं. "हा आलेख नाही, इतवारीचा बाजार आहे," असं त्याचं त्यानंच म्हटलं. मग मॅडमचा आलेख पडद्यावर आला. त्यात जागोजागी तिसरं, कुठे चौथं टोक होतं. लहान, पण स्पष्ट.

"मॅडम, पाहुणे आले होते वाटते," अंकुर म्हणाला. "आम्हाले सांगितलं नाही तुम्ही."

सगळे हसले. मॅडम पडद्याजवळ गेल्या.

"कोणी आलं नाही," त्या म्हणाल्या.

"दूधवाला?"

"दूध मी येताना पिशवी आणते."

"मग गॅसवाला असंल."

"गॅसवाला माझ्या चहाच्या डब्याला कशाला हात लावेल?"

मॅडमनी एकेका जागेवरची टोकं बोटानं मोजली. मग त्यांनी आम्हाला जेवायला पाठवलं.

त्या दुपारी त्यांनी काय केलं ते मला नंतर संगणकातल्या नोंदींवरून कळलं. त्यांनी सगळ्यांत आधी त्यांच्या आईचा नमुना उघडला. सुरुवातीच्या वर्षांत गृहपाठासाठी आईचाही नमुना घेतलेला होता, तो जपून ठेवलेला होता. जुन्या फायली मीही मग बघितल्या. २०१२ मध्ये मॅडमच्या घरच्या वस्तूवर दोन माणसं आहेत. २०१३ मध्ये दोन. २०१४ मध्ये दोन, दुसरं अगदी पुसट. त्या वर्षी मार्चमध्ये आई गेली होती. २०१५ पासून एक. डबा आईच्याच वेळचा. दहा वर्षं घासून, वापरून त्यावर आईचं काही उरणार नाही, हे मॅडमना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी पहिली फाइल त्यांनी तीच काढली. सहा मिनिटं ती उघडी होती. आकडे जुळले नाहीत.

मग त्यांनी कर्मचाऱ्यांची यादी काढली. लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे नमुने आम्ही ठेवतो, आपलाच डीएनए चुकून कुठे मिसळला तर कळावं म्हणून. यादीत चौदा जण. एकही जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले तर मॅडमच्या टेबलावर रजिस्टरं पसरलेली होती.

"सुरुची, बस," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कोणी आलेलं नाही. म्हणजे हे माणूस झाकणावर नव्हतं. मग कुठे होतं?"

मी म्हटलं, "काडीवर?"

"काडीवर. आधीपासून." त्यांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. "याच लॉटची पाकिटं आपण सतरा प्रकरणांत वापरली आहेत. बाकीचं काम राहू दे. मला सतराही आलेख काढून दे."

वाफेच्या यंत्रात जंतू मरतात, डीएनए मात्र टिकू शकतो. काडी निर्जंतुक असते म्हणून ती कोरी असेलच असं नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं. आमच्या गृहपाठात बाकीच्या पाच काड्यांवर घरच्यांची एवढी गर्दी होती, की त्यात एखादं जास्तीचं माणूस कुणाला दिसलंच नसतं. कोऱ्या घरातून आलेली काडी एकच होती.

सतरापैकी अकरावा आलेख दामिनीचा निघाला.

दामिनी कामठीची, वय सत्तावीस. एका पॉवरलूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. शेडच्या मालकानं बायांच्या संडासाला कुलूप लावलं, त्यावरून तिनं त्याला सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक शेडमध्ये मेलेला सापडला, त्याच्याच गमछ्यानं गळा आवळलेला. एका बाईला शेडमध्ये जाताना लांबून बघितलं, असं कुणीतरी सांगितलं. दामिनी म्हणाली, मी घरी होते. गमछ्याची कड आमच्या काड्यांनी पुसली गेली. आलेखात मालक ठळक होता आणि त्याच्या मागे दुसरं कोणीतरी पुसट. नऊ मार्करवर त्या पुसट माणसाचे आकडे वाचता आले आणि नऊच्या नऊ ठिकाणी दामिनीचे आकडे मिश्रणात सापडत होते. अहवाल मॅडमनी लिहिला होता: दामिनी यांचा सहभाग नाकारता येत नाही. पुढचं वाक्यही त्यांचंच होतं, की असं जुळणं योगायोगानं दर एकशे ऐंशी माणसांत एकाचं होऊ शकतं. कामठीतच अशा शेकडो बाया निघाल्या असत्या. पण आरोपपत्रात फक्त पहिलं वाक्य गेलं. दामिनीला तुरुंगात सव्वादोन वर्षं झाली होती आणि खटला शेवटाकडे आला होता.

त्या आलेखात आणखी दोन बारीक टोकं होती. दामिनीकडे ते आकडे नव्हते. दोन्ही मालकाच्या उंच टोकांच्या अगदी अलीकडे उभी होती, म्हणून मॅडमनी त्यांच्यासमोर पेन्सिलनं लिहिलं होतं: सावली. खाली त्यांची सही.

चहाच्या झाकणावरच्या अनोळखी माणसाकडे ते दोन्ही आकडे होते.

मॅडमनी ती पेन्सिलची अक्षरं बोटानं झाकली, पुन्हा बोट काढलं.

"उंची थोडी जास्तच होती," त्या म्हणाल्या. "तेव्हाही दिसत होतं. जुळतंय म्हटल्यावर मी थांबले."

बाजूच्या टेबलावर पंचफुलाबाई डबा ठेवून मास्क बांधत होत्या. तो त्यांनी नाकावर नीट बसवला, आणि बोलायला सुरुवात करताना रोजच्यासारखा हनुवटीखाली ओढला. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. पंचफुलाबाईंचा नमुना यादीत नव्हता. यादीच्या नियमात तांत्रिक कर्मचारी असं म्हटलेलं, आणि लिफाफे चिकटवणाऱ्या बाईला कुणी त्यात धरलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, मी समोर होते. गमछा, दामिनी, दोन टोकं. पंचफुलाबाईंनी भाकरी हातात तशीच धरून ऐकलं.

"म्हंजे माहा थुका गेला तिकडं?"

"बोलताना बारीक तुषार उडतात. दर वेळी काडीवर पडतात असं नाही, पण या लॉटवर पडले असतील. खात्री करायची तर तुमचा नमुना पाहिजे. पण सांगून ठेवते, पंचफुलाबाई, तुमच्या नोकरीवर येऊ शकते. तुम्ही नाही म्हटलं तरी तुमच्यावर कोणी जबरदस्ती नाही करणार."

"अन् नाही म्हटलं तर ते पोरगी आत राहीन?"

"राहू शकते."

पंचफुलाबाईंनी भाकरी डब्यात ठेवली, चूळ भरून आल्या आणि तोंड उघडून मॅडमसमोर बसल्या.

आकडे जुळले. गमछ्यावरच्या पुसट माणसाची सगळी टोकं, ती दोन धरून, पंचफुलाबाईंच्या आकड्यांत बसत होती. दामिनी तिथे नव्हती असं यातून सिद्ध होत नव्हतं. ती तिथे होती असं म्हणायला मात्र आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं. गमछ्याची ती कड पहिल्याच वेळी पूर्ण पुसली गेली होती, त्यामुळे पुन्हा तपासायलाही काही नव्हतं. लॉटची सहाही पाकिटं संपली होती. काड्या आधीपासून खराब होत्या, याचा पुरावा म्हणजे फक्त मॅडमचं झाकण.

सुभेदार सरांनी पुरवणी अहवाल दोनदा वाचला.

"एका झाकणावर तुम्ही हे सगळं उभं करताय, धकाते मॅडम. सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल सांगू? पंचफुलाबाई तुमच्या शेजारी बसतात. तुमच्या घरी चहाला आल्या असतील, त्यांनीच डबा उघडला असेल. मग काडी स्वच्छ होती असंच ठरतं आणि तुमचा अहवाल तिथेच संपतो."

"त्या आलेल्या नाहीत."

"हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. कोण येतं, कोण येत नाही, सगळं काढतील. वैयक्तिक. सगळ्यांसमोर."

"काढू द्या, सर."

सरांनी पेन उचललं. "खरंच कोणी येत नाही?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली आणि सही केली. अहवाल बचावाच्या वकिलाकडे गेला, त्यांनी अर्ज केला आणि डिसेंबरात मॅडमना पुन्हा साक्षीला बोलावणं आलं.

त्या दिवशी मॅडम इस्त्रीची राखाडी साडी नेसून आल्या होत्या. फायली मी धरल्या होत्या. पंचफुलाबाईंची साक्ष आधी झाली. पाकिटं कशी भरता, मास्क कुठे असतो, एवढंच विचारलं. मग त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. दामिनी दोन महिला पोलिसांच्या मध्ये उभी होती. बारीक, केस घट्ट बांधलेले. तिची आई कठड्याला धरून उभी होती.

सरकारी वकील ॲडव्होकेट सुहासिनी बारापात्रे आवाज न चढवता विचारत होत्या.

"गेल्या वर्षभरात तुमच्या घरी कोण कोण आलं?"

"घरमालक. पाण्याच्या मोटरचं सांगायला. जिन्यापर्यंत."

"आत?"

"आत कोणी नाही."

"नातेवाईक?"

"भाऊ सुरतला असतो. फोन करतो."

"दिवाळीला?"

"दिवाळीत मी लॅबमध्ये असते. नमुन्यांच्या फ्रीजवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं."

"आजारी पडला असाल कधी. बघायला कोणी आलं असेल."

"डेंग्यू झाला होता. ऑटोनं धंतोलीच्या दवाखान्यात गेले, पाच दिवस भरती होते, ऑटोनं परत आले."

मागे कुणीतरी हसू दाबलं. ॲडव्होकेट बारापात्रेंनी तिकडे बघितलं, हसणं थांबलं.

"पंचफुला सोनकुसरे तुमच्या बाजूच्या टेबलावर अकरा वर्षं बसतात. तुम्ही दोघी सोबत जेवता. त्यांना तुम्ही एकदाही घरी बोलावलं नाही?"

"नाही."

"न्यायालयानं हे खरं मानावं असं तुमचं म्हणणं आहे?"

मॅडमनी पाणी मागितलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. "माझ्याकडे आलेख आहेत," त्या म्हणाल्या. "दर वर्षी माझ्या घरच्या वस्तूचा एक. २०१५ पासून गेल्या वर्षीपर्यंतचे सगळे आणले आहेत. प्रत्येकात एकच माणूस आहे."

मी फाइल पुढे केली. न्यायाधीशांनी एकेक पान उलटून बघितलं. त्या सगळ्या वेळात कोर्टात पानांचा आवाज तेवढा होता. एका साक्षीदाराच्या घरी नऊ वर्षांत कुणी आलं नाही याचे नऊ कागद तिथे क्रमांक घालून पुराव्यात दाखल झाले.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "पाकिटं भरताना मास्क बंधनकारक होता ना?"

"हो."

"या बाईंनी तो घातलेला नसायचा, हे तुम्हाला दिसत होतं?"

"रोज दिसत होतं."

"वरिष्ठ म्हणून त्यांना सांगणं तुमचं काम होतं."

"हो. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

"का?"

हातातला रुमाल मॅडमनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मास्क लावला की त्यांचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही," त्या म्हणाल्या. "मग त्या बोलायच्या थांबल्या असत्या."

लिपिकानं हे उतरवून घेतलं. न्यायाधीशांनी त्याला वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि त्यानं ते मोठ्यानं, अडखळत वाचलं.

बाहेर व्हरांड्यात पंचफुलाबाई पिशवी काखेत घेऊन उभ्या होत्या.

"चारदा बोलावलं तुमाले मी," त्या म्हणाल्या. "पोराच्या लग्नाले बोलावलं. नातवाच्या बारशाले बोलावलं. वास्तूले. मागच्या साली महालक्ष्म्यांच्या जेवाले. तुमी नाही आल्या. म्या म्हटलं, मोठी बाई हाये, कामात राहते. अन् आज सांगून राहिल्या, माह्या बोलण्यासाठी म्हणून."

"यायचं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मंग काहून नाही आल्या?"

पंचफुलाबाईंनी जरा वाट बघितली. "बरं," म्हणाल्या आणि एकट्याच बसथांब्याकडे गेल्या.

पंधरा दिवसांत लॅबनं काड्यांची पाकिटं भरणं बंद केलं. आता बाहेरून तयार, डीएनएमुक्त केलेली सीलबंद पाकिटं येतात. पंचफुलाबाईंची नोकरी गेली नाही, त्यांना खाली आवक-जावकीच्या खिडकीवर बसवलं. त्यांचं टेबल हलवून तिथे नवीन सेंट्रिफ्यूज ठेवलं. त्या खालीच जेवतात. मॅडम दोनदा डबा घेऊन खाली गेल्या होत्या. पंचफुलाबाईंनी सरकून जागा दिली, भाजी वाढली, पण बोलल्या मोजकंच. त्यानंतर मॅडम वरच जेवू लागल्या. सुभेदार सरांनी उरलेल्या सोळा प्रकरणांची फेरतपासणी त्यांच्याकडे दिली आणि नवीन अहवालांवर सही करणं तोवर थांबवायला सांगितलं. मॅडमनी ते कुरकुर न करता मान्य केलं.

फेब्रुवारीत निकाल लागला. मॅडमना यायची गरज नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. मी मागे लागून सोबत गेले.

न्यायाधीशांनी डीएनएचा पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून बाजूला ठेवला. तो गेल्यावर उरलं होतं ते लांबून बघितलेल्या एका बाईचं वर्णन. दामिनी निर्दोष सुटली. कागद पूर्ण होईपर्यंत तिला पुन्हा तुरुंगात नेणार होते, संध्याकाळी घरच्यांनी तिथून घेऊन जायचं होतं. व्हरांड्यात तिला आणलं तेव्हा तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं होती. बाया रडत होत्या, कुणी फोनवर मोठमोठ्यानं सांगत होतं, "सुटली, सुटली, आज्याले सांग." दामिनीचा भाऊ महिला पोलिसांना विनवत होता, दोन मिनिटं बोलू द्या.

मॅडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. घोळका तिकडेच आला. दामिनीची आई सगळ्यांच्या पुढे, हातानं वाट करत.

"सरका वं बाई जराशा," ती मॅडमना म्हणाली. "पोरीले जाऊ द्या."

मॅडम भिंतीला टेकल्या. त्यांचा पदर कुणाच्या तरी पिशवीत अडकला, त्यांनी तो अलगद सोडवून घेतला. दामिनी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिनं एकदा मॅडमकडे बघितलं, साक्षीच्या दिवशी बघितलेलं तोंड आठवतं का अशा नजरेनं, आणि मग आईनं तिला पुढे ओढलं. सगळे जिना उतरले.

"मॅडम, त्यांना तुमचं नाव सांगून येऊ का?" मी विचारलं. "तुमच्यामुळे सुटली म्हणून."

"नको."

"का?"

"माझ्यामुळे आतही गेली होती ना वं," मॅडम म्हणाल्या. माझ्याशी त्या अशा बोलीत पहिल्यांदाच बोलल्या. "त्यांचा आजचा दिवस आहे. त्यात मी कशाला?"

त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि मोबाइलवर बसची वेळ बघितली. सोळापैकी सहा प्रकरणं तपासून झाली होती, सातवं सकाळी अर्धवट सोडून त्या आल्या होत्या. खाली गर्दी पांगेपर्यंत आम्ही थांबलो. मग मॅडम कठडा धरून हळूहळू उतरल्या. चारपर्यंत लॅबमध्ये पोचलो तर सातवं प्रकरण आजच संपवता येईल, असं त्या म्हणाल्या.